शेजारी कमी करण्याचे दर

रेल्वे बर्थ विकते, हा आपला भाबडा समज. रेल्वे शेजारी कमी करून देते आणि त्याचे पैसे घेते. स्लीपरच्या एका कप्प्यात आठ माणसं: समोरासमोर सहा, बाजूला दोन. टू-एसीत सहा. फर्स्ट एसीत चार, आणि नशिबात कूपे असेल तर दोनच. केबिन की कूपे हे मात्र चार्ट लागेपर्यंत कळत नाही. एवढे पैसे मोजणाऱ्यालाही थोडी धाकधूक हवीच की.

हिशेब बिघडतो तो थ्री-एसीत. तिथंही माणसं आठच! तेच तीन मजले, तोच मधला बर्थ, आणि रात्री दहा ते सकाळी सहा हीच त्याची कायदेशीर कारकीर्द. भाडं मात्र स्लीपरच्या अडीचपटीच्या घरात. मग मिळतं काय? बंद खिडकी. स्लीपरच्या खिडकीतून ऊन, धूळ, पावसाचे शिंतोडे आणि कर्जतचा वडा, सगळं आत येतं. इथं वडेवाला काचेपलीकडून ओरडत जाताना दिसतो, ऐकू येत नाही.

शिवाय स्लीपरमधला आठ हा आकडा कागदावरचा. “काका, जरा सरकता का? कल्याणपर्यंतच जायचंय,” म्हणणारा नववा असतोच, आणि तो कल्याणला उतरलेला अजून कुणी पाहिलेला नाही. अलीकडे तो थ्री-एसीतही दिसतो. तिथं ‘काका’ऐवजी ‘सर’ म्हणतो, एवढा फरक अडीचपट भाड्यात बसतो.

आणि हो, ब्लँकेट मिळतं. ते महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं, असं रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये लोकसभेत सांगितलं. ब्लँकेटला आवरण म्हणून जादा चादर देतात, हेही सांगितलं. म्हणजे ब्लँकेटपासून प्रवाशाचं रक्षण करण्याची सोय खात्यानंच केली आहे. महिन्याच्या एकोणतिसाव्या रात्री ते आपल्या वाट्याला आलं नाही ना, याची चौकशी टीसीकडे करू नये. त्याच्यामागे आधीच वेटिंगवाले लागलेले असतात.

खरी प्रतिभा दिसली 2021 मध्ये, थ्री-एसी इकॉनॉमीत. नव्या धाटणीच्या थ्री-एसी डब्यात 72 बर्थ, यात 83. डब्यातली विजेची पेटी काढून खाली सांगाड्याला टांगली, तिच्या जागी माणसं चढवली. भाडं थोडं कमी, चादर-ब्लँकेट नाही. लोकांनी कुरकुर केली, म्हणून 2022 मध्ये तेही देऊ केलं. आता एवढ्या चादरी ठेवायच्या कुठं? तर शेवटचे तीन बर्थ, 81 ते 83, त्यांच्यासाठी राखून ठेवले. म्हणजे आरएसीवाले दोघं बाजूच्या खालच्या बर्थवर गुडघ्याला गुडघा लावून बसणार, आणि चादरी कन्फर्म तिकिटावर आडव्या पडून जाणार.