एका पायरीने हुकलेलं पेन

परदेशातल्या ऑनलाइन लिलावात उतरायचं ठरवलं की पहिली गाठ पडते ती आपल्याच बँकेशी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड हातात येतं तेव्हा त्यावरचे परदेशी व्यवहार बंद असतात. ते आपण मुद्दाम चालू करायचे आणि मर्यादाही आपणच घालून घ्यायची. फसवणूक टळावी म्हणून हा नियम आहे, हे मला मान्य आहे. पण मर्यादेच्या चौकटीत आकडा भरताना बोट जे अडखळतं, त्याचा फसवणुकीशी काही संबंध नसतो. किती हवंय आणि किती परवडतंय, यांची तिथे पहिल्यांदाच समोरासमोर भेट होते.

माझा प्रांत जपानी फाउंटन पेनांचा. साठचं दशक सरता सरता आणि सत्तरच्या दशकात तिथे शर्टाच्या खिशात बसतील अशी बुटकी पेनं निघाली होती. अंग आखूड, टोपण लांब. टोपण काढून मागे खोचलं की पेन एकदम वयात आल्यासारखं पूर्ण लांबीचं होतं. पायलट कंपनीच्या अशाच 'एलिट एस' पेनाची १९६९ मध्ये टीव्हीवर जाहिरात आली. ओहाशी क्योसेन या कलाकाराने तीत काहीही अर्थ नसलेली कविता म्हटली, अगदी वृत्तात, आणि पेन धडाधड खपलं. जाहिरातीला अर्थ असावाच लागतो असं नाही, हे त्यांना आपल्या कितीतरी आधी कळलं होतं.

ती पेनं आता जुन्या घरांच्या खणांतून बाहेर पडतात आणि याहूच्या जपानी लिलावात येतात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या साइटने तिथे असं काही बस्तान बसवलं की खुद्द ईबेला २००२ मध्ये जपानमधून गाशा गुंडाळावा लागला. अडचण एवढीच, की तिथले बहुतेक विक्रेते देशाबाहेर माल पाठवत नाहीत. मग झेनमार्केटसारखा मध्यस्थ धरायचा. आपल्या वतीने तो बोली लावतो, वस्तू त्याच्या गोदामात येते, चार वस्तू जमल्या की एका खोक्यात बांधून तो आपल्याकडे रवाना करतो. प्रत्येक पावलाला थोडे थोडे पैसे घेतो, पण ते पुढे.

विक्रेत्यांनी केलेली वर्णनं सावकाश वाचावीत. आपल्याकडे विकायला काढलेली कुठलीही वस्तू 'एकदम कंडिशनमध्ये' असते. इथे उलटं. 'मला यातलं काही कळत नाही. घराची आवराआवर करताना सापडलं. लिहून पाहिलेलं नाही. जंक समजूनच घ्यावं. तक्रार चालणार नाही, परत घेणार नाही.' फोटो मात्र बारा, आणि त्यातले आठ ओरखड्यांचे. खाली आणखी एक ओळ नेहमी भेटते: चिकित्सक मंडळींनी कृपया बोली लावू नये. या एका ओळीत निम्मी सदाशिव पेठ बाद होते.

जंक म्हटलं म्हणून बिचकू नये. पुढे ईबे झालेल्या साइटवर १९९५ मध्ये पहिली वस्तू विकली गेली तीच मुळी बिघडलेली होती. पिएर ओमिडियार यांनी आपला मोडका लेझर पॉइंटर तिथे ठेवला आणि तो १४.८३ डॉलरला गेला. हा चालत नाही, ठाऊक आहे ना, असं त्यांनी घेणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो. सगळा धंदा उभा आहे तो या गृहस्थाच्या जातकुळीवर.

माझ्या भाच्याला, अमेयला, हवं होतं तेही पेनच, पण ऑलिंपस कंपनीचं. १९५९ साली आलेला हा छोटा कॅमेरा छत्तीस फोटोंच्या रोलवर अर्ध्या आकाराचे बहात्तर फोटो काढतो. हल्लीचे फिल्मचे भाव पाहता मला त्याची निवड शहाणपणाची वाटली. "मावशी, शेवटचा आकडा किती टाकू?" त्याने विचारलं.

प्रश्न बरोबर होता, कारण या लिलावात आपण भाव पुकारतच नाही. मनातला कमाल आकडा यंत्राच्या कानात सांगायचा. यंत्र तो कोणाला दाखवत नाही आणि समोरच्याला मागे टाकायला लागेल तेवढंच, एकेक पायरी, पुढे सरकतं. जिंकलात तर तुमचा आकडा नव्हे, दुसऱ्या नंबरवाल्याचा आकडा अधिक एक पायरी भरायची. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये अशा लिलावाचं गणित मांडलं: दुसऱ्याच्या बोलीइतकेच पैसे पडणार असतील, तर आपल्याला वस्तूची खरी किंमत जी वाटते तीच सांगणं फायद्याचं. त्याबद्दल त्याला १९९६ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांनी तो गेला. इतक्या साध्या पद्धतीने माणसाला खरं बोलायला लावणारं गणित दुसरं नसेल. फक्त माणसाला खरं काय ते आधी ठाऊक पाहिजे.

अमेयने ४,५०० येन टाकले. जपानचे लिलाव बरेचदा तिथल्या रात्री दहा-अकराला संपतात. ते आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे इथे दिवेलागणीची वेळ. (अमेरिकेतले रविवार संध्याकाळचे लिलाव आपल्याकडे सोमवारी सकाळी डबा भरताना संपतात, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.) शेवटच्या पाच मिनिटांत कोणी वरची बोली लावली, तर इथे वेळ आणखी पाच मिनिटांनी वाढते. गावच्या देवळात उत्सवाचा नारळ लिलावात चढतो तसं वातावरण असतं. पण तिथे निदान कळतं की पाटलांनी बोली वाढवली ती नारळासाठी नाही, बांधाच्या भांडणासाठी. इथे समोरचा म्हणजे दोन-तीन अक्षरं आणि पुढे फुल्या. तरी दहा मिनिटांत त्या फुल्यांशी आपलं हाडवैर जमतं.

कॅमेरा गेला ४,६०० येनला.

"फक्त शंभर येनने गेला गं! साठ-सत्तर रुपये सुद्धा नाहीत!" त्याचा चेहरा बघवत नव्हता.

शंभर येनने नाही रे, असं मी त्याला समजावलं. एक हजार ते पाच हजार येनांच्या दरम्यान पायरीच शंभरची असते. जिंकणाऱ्याने कदाचित आठ हजार टाकून ठेवले असतील, कदाचित बारा. पडद्यावर दिसणार तुझा आकडा अधिक शंभर, एवढंच. दुसरा नंबर येणारा प्रत्येक जण एकाच पायरीने हरतो. यंत्राची रचनाच तशी आहे. अमेयने मान डोलावली आणि म्हणाला, "तरी ४,७०० टाकायला हवे होते." पुढच्या लिलावांत तो मन लावून बोली वाढवणार, हे तिथेच ठरलं. साइटवाल्यांना याहून गुणी गिऱ्हाईक कुठून मिळणार?

आता ते पुढचे पैसे. येन रुपयापेक्षा स्वस्त, त्यामुळे ४,६०० आकडा दिसायला मोठा आणि रुपयांत गोड. मग विक्रेत्यापासून गोदामापर्यंतचं टपाल, मध्यस्थाचं शुल्क, गोदामापासून भारतापर्यंतचं टपाल, बँकेचा परकीय चलनाचा आकार आणि त्या आकारावर जीएसटी. शेवटी सीमाशुल्क, आणि ते नुसत्या वस्तूवर नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर. म्हणजे आपण टपालखर्चावरही कर भरतो. भेटवस्तू म्हणून पाठवायला सांगा, असा सल्ला देणारा एक तरी ओळखीचा निघतोच. एक तर ते खोटं, आणि शिवाय डिसेंबर २०१९ मध्ये भेटवस्तूंची ती सवलतच गेली. उरली ती जीव वाचवणाऱ्या औषधांना आणि राखीला. "मग कॅमेऱ्याला गोंडा बांधला तर?" अमेयने लगेच विचारलं. राखीसोबतच्या भेटवस्तूंना सवलत नाही, असं त्याच आदेशात लिहिलेलं आहे. तो लिहिणाऱ्यालाही भाचे असावेत.

या सगळ्यात माझी एक खास युक्ती आहे, आणि ती मी अमेयलाही अजून नीट सांगितलेली नाही. जपानमध्ये पेन भेट देताना किंवा निवृत्तीला त्यावर नाव कोरून देतात. लिलावात आलं की ते नाव दोषांच्या यादीत जातं, ओरखड्यांच्या शेजारी. परक्या माणसाचं नाव खिशाला कोण लावणार? भाव उतरतो. निब तेच, सोन्याचंच. मी अशीच पेनं शोधते. आलं की निब रात्रभर स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवायचं. सकाळी वाटीतलं पाणी निळं-काळं झालेलं असतं. दोन-तीनदा पाणी बदललं की पेन लिहायला लागतं.

परवा किराण्याची यादी करत होते, तेव्हा नवऱ्याने पेन हातात घेऊन चष्मा कपाळावर चढवला. "यावर काय लिहिलंय गं?"

"नाव आहे."

"कोणाचं?"

"काय माहीत. पण १,८०० येनला मिळालं."

त्याने पेन उलटसुलट करून पाहिलं. "टपालखर्च धरून?"