चुंबकाला चिकटलेलं

पनवेलला चाकांचं अप्रूप जुनंच. घाटावरून उतरलेला गाडीवान परत जाताना इथून बैलगाडीच्या चाकांची एक जोडी घेऊन जातो, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात आहे. आता कळंबोलीला लोखंडाचा बाजार आहे, शेजारून एक्स्प्रेस-वे सुटतो. अशा गावात जुनी पद्मिनी बाळगणाऱ्याला कुणी वेडा म्हणत नाही. ‘हौस आहे’ म्हणतात. म्हणजे तेच.

ही पद्मिनी वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. रक्त इटलीच्या फियाट ११०० चं. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला. इंजिनाच्या तळाशी, गॅरेजात ज्याला ‘चेंबर’ म्हणतात तिथे, एक ड्रेन नट असतो. तो सोडायचा, काळं ऑइल डब्यात उतरू द्यायचं, तांब्याचा नवा वॉशर घालून परत आवळायचा. (जोर दाखवायचा नाही, आटे गेले की रडायची वेळ.) याच नटाच्या टोकाला चुंबक बसवलेला मिळतो. ऑइलमधून फिरणारा लोखंडाचा कीस तो धरून ठेवतो, पुन्हा आत घासू देत नाही. इंजिनाला निदान फिल्टर तरी असतो. गिअरबॉक्सला आणि मागच्या डिफरेन्शिअलला तोही नाही. तिथे चुंबक आपली भाकरी खरी कमावतो.

नट निघाला की टोकावर करड्या पेस्टचं बोंड असतं. चिमटीत चोळून पाहायचं. गुळगुळीत लागलं तर नेहमीची झीज, पुसून टाका. बोटाला टोचलं, एखादी कपची उन्हात चमकली, तर कुठल्या तरी दातानं राम म्हटलाय. पहिल्यांदा ते बोंड पाहून माझा चेहरा उतरला, तेव्हा मिस्त्री म्हणाला, “काका, झिजत तर ती आधीपण होती. आता तुम्हाला दिसायला लागलं, एवढंच.”

बरं, दिसतं तेही अर्धंच. चुंबक म्हणजे लग्नात फक्त आपल्याच बाजूचे पाहुणे ओळखणारा मामा. लोखंड-पोलाद आलं की गळामिठी. पिस्टनचं अॅल्युमिनियम, गिअरबॉक्समधलं पितळ, क्रँकच्या बेअरिंगवरचा कथील-शिशाचा थर समोरून निघून गेला तरी याला पत्ता नाही. म्हणजे सगळ्यात महागाचं दुखणं मुकाट्यानं निसटतं. नट स्वच्छ निघाला म्हणून कुणी पेढे वाटू नयेत.

चुंबकाचेही नखरे असतात. साध्या प्रतीचा निओडिमियम ८० अंशांच्या पुढे ढिला पडू लागतो, आणि खोपोली सोडून बोरघाट चढताना ऑइल त्याच्या बरंच वर जातं. म्हणून उष्णता सोसणाराच घ्यावा. काही जण भंगारातल्या स्पीकरचा चुंबक चेंबरला बाहेरून चिकटवतात. चेंबर पोलादी पत्र्याचं असेल तर चुंबकाचा बराचसा जोर तो पत्राच गिळून टाकतो. समाधान मात्र पूर्ण मिळतं.

खरा वाद वेगळाच. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नाशी ओलांडलेल्या खाजगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिरवता येतात. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. मग चुंबकाचा नट हा फेरफार का? वडाळे तलावाच्या कट्ट्यावर यावरून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, नट म्हणजे काही इंजिन नव्हे. दुसऱ्याला कारखान्यातल्या रंगाखेरीज पॉलिशसुद्धा खपत नाही. मी आपला मूळचा नट डॅशबोर्डच्या खणात ठेवून दिलाय. उद्या तपासायला कुणी खरंच गाडीखाली झोपलाच, तर तो चढवायला पाच मिनिटं पुरतील. फक्त तेवढ्यासाठी चेंबरभर नवं ऑइल साहेबांच्या अंगावर सोडावं लागेल.