नट, नायट्रोजन आणि नवापूर

लिंबायतमध्ये चारचाकी घेतात ती सुरतेत फिरवायला नव्हे. उधन्याला जायला रिक्षा पुरते, आणि संध्याकाळी रेल्वेखालच्या गरनाळ्यात अडकल्यावर तर रिक्षातून उतरून पायी गेलेला माणूस आधी पोहोचतो. गाडी घ्यायची ती गावाला न्यायला. गाव खान्देशातलं, शिरपूर असो, अमळनेर असो की शहादा. पारावर बसलेल्या चार जणांनी नंबरप्लेटवरचं 'जीजे 05' वाचलं पाहिजे आणि त्यातल्या एकाने तरी 'सुरतवाला उना' म्हटलं पाहिजे. एवढ्यासाठी सात वर्षांचे हप्ते.

हे हप्ते भरणाऱ्यांचा तांत्रिक सल्लागार म्हणून प्रस्तुत लेखकाची गल्लीत थोडी ख्याती आहे. ती त्याने स्वतःच पसरवली आहे. गाडीबरोबर जी जाड पुस्तिका मिळते आणि बाकीचे लोक प्लॅस्टिकची पिशवी न फोडता विम्याच्या कागदांखाली ठेवून देतात, ती त्याने वाचलेली आहे. नुसती वाचलेली नाही, तिच्यातली वाक्यं त्याला पाठ आहेत. त्यामुळे कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की तो पेढा खायला जातो आणि न्यूटन-मीटरवर बोलून परत येतो. यजमानांनी पेढ्याचा डबा पुन्हा पुढे केला, तर तो त्याला आग्रह समजतो. खरं तर ती आवरतं घेण्याची विनंती असते.

पूजेला चार चाकांखाली चार लिंबं ठेवतात. डिकीतल्या स्टेपनीला कुणी लिंबू दाखवत नाही. तिच्याकडे पुढे कुणी कधीच पाहत नाही, याची ही सुरुवात.

पूजा झाली की पुढच्या रविवारी मॅगव्हील. कंपनीने दिलेली काळी लोखंडी चाकं काढून चकचकीत अलॉय चढवायची. दुकानदार सांगतो, "चार भोकांची आहेत, शंभरचं माप आहे, बसून जातील." शंभर म्हणजे नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, 100 मिलिमीटर. स्विफ्टला तो असतो, वॅगन-आरला असतो, म्हणून चाक बसतं हे खरं. पण बसणं वेगळं आणि नीट बसणं वेगळं. चाकाच्या मधलं भोक हबपेक्षा मोठं असलं तर चाक हबवर टेकत नाही, मध्यावर न येता नुसतं नटांच्या भरवशावर राहतं, आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. चाक जास्त रुंद किंवा जास्त बाहेर आलेलं असलं तर रिकाम्या गाडीत काही कळत नाही. आत्या, मामा, दोन पोती बाजरी आणि त्यांच्यावर बसलेली भाचरं भरली की टायर मडगार्डला घासायला लागतो. आणि नट? अलॉयचे नट बरेचदा वेगळे येतात. लोखंडी स्टेपनीला ते धरतीलच असं नाही. जुने नट डिकीत ठेवावेत, हे दुकानदार सांगत नाही. प्रस्तुत लेखक सांगतो, पण तोवर यजमान चाकासोबत सेल्फी काढत असतात.

चाक बसवण्याचं शास्त्र लेखकाने एकदा पर्वत पाटियाच्या बाजूला एका पंक्चरवाल्या पोराला समजावून सांगितलं. पोरगा सोळा-सतरा वर्षांचा असेल. लेखक म्हणत होता, "आधी सगळे नट बोटांनी चढवायचे." पोराने तेव्हा दुसरा नट बोटांनी फिरवत आणला होता. आटे सरळ धरले की नट बोटांनीच आत जातो. मध्येच अडला तर समजायचं तिरका चढलाय, आणि तिथे पाना लावला की आटे गेलेच. पोराला एक नट अडला. त्याने तो उलटा फिरवून काढला, शर्टाला पुसला, प्रकाशात धरून आत पाहिलं आणि पुन्हा लावला; या वेळी तो भोवऱ्यासारखा आत गेला. "निमुळती बाजू चाकाकडे," लेखक म्हणाला. ती तिकडेच होती. "ओळीने नाही आवळायचे, समोरासमोरचे." पोरगा समोरासमोरचेच आवळत होता. "आट्यांना ग्रीस लावू नको हां, ग्रीसवर तेवढ्याच जोराने जास्त ताण येतो." ग्रीसचा डबा तिथे नव्हताच. "आता जॅक उतरव, चाक जमिनीला टेकलं की शेवटचा..." जॅक उतरला होता.

मग मात्र पोराने पान्यावर पाय ठेवला आणि सगळा भार टाकला. इथे लेखकाला बोलायला जागा सापडली. हिशेब साधा आहे. पाना एक फुटाचा, म्हणजे तीस सेंटिमीटर. त्याच्या टोकावर साठ किलोचा माणूस उभा राहिला की नटावर सुमारे 175 न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. छोट्या गाडीची पुस्तिका मागते शंभरच्या आसपास. जास्त पिळाने बोल्ट ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट पुढे कधी तुटेल हे सांगून तुटत नाही. एअर गनने घर्र करून आवळलं तरी तीच गत. त्यासाठी टॉर्क पाना असतो. ठरलेला पीळ आला की तो 'कट्' असा आवाज करतो.

"तो पाना केवढ्याला येतो?" पोराने विचारलं.

चांगला काही हजारांना येतो, असं लेखकाने सांगितलं. पोराने पंक्चरचे शंभर रुपये घेतले आणि पुढच्या गाडीकडे गेला. लेखकाच्या व्याख्यानातलं तेवढंच एक वाक्य त्याच्या नव्याने ऐकण्यात आलं होतं, आणि ते त्याला परवडणारं नव्हतं. बाकी 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासून घ्यावेत, हे लेखक मोठ्याने बोलला. ते फूटपाथने ऐकलं.

नायट्रोजनवाल्याची गोष्ट वेगळी. तिथे टायरला हिरवी टोपी मिळते. फुकटच्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. पैसे मोजायचे ते उरलेल्याचे आणि हिरव्या टोपीचे. शुद्ध नायट्रोजनमध्ये ओल नसते हा त्याचा गुण खरा. पण महिन्यातून एकदा थंड टायरमध्ये साधी हवा मोजून भरणारा माणूस त्यापेक्षा सुखी असतो. ती किती भरायची हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, आणि माणसं भरून निघालं की आकडा बदलतो, हेही तिथेच छापलेलं असतं. लिंबायतमधल्या गाड्या गावाला नेहमी माणसं भरूनच निघतात.

आता नवापूर. हा विषय निघाला की घरचे लोक उठून जातात, पण वाचकाला तशी सोय नाही.

सुरत ते धुळे हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग 6 होता, आता 53 आहे. बारडोली, व्यारा, सोनगढ आणि मग नवापूर. इथे गुजरात संपतं. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर असं आहे की अर्धा फलाट एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्यात. गाडीवाल्याला मात्र सीमा कळते ती पेट्रोलच्या दरावरून. 2024-25 मध्ये सुरतेत पेट्रोल लिटरला 94-95 रुपये होतं आणि धुळ्यात 104 च्या आसपास. तेल तेच. फरक मुख्यतः राज्याच्या कराचा. म्हणून सोनगढ आलं की प्रत्येक खान्देशी ड्रायव्हरच्या अंगात एक गणितज्ञ शिरतो. टाकीत अर्ध्याहून जास्त पेट्रोल असलं तरी 'फुल्ल कर' म्हणायचं. पंपावरचा पोरगा "झिरो बघा साहेब" म्हणतो, आणि साहेब शून्याकडे देवदर्शनाच्या भावनेने बघतात. नोझल आपोआप बंद झालं तरी "अजून थोडं बसेल" असा आग्रह सुरूच. तो धरू नये. वर वाफेसाठी ठेवलेली जागा पेट्रोलने भरली की ते वाफ गोळा करणाऱ्या नळीत शिरतं. पण नऊ रुपयांचा फरक समोर असताना वाफेचं कोण ऐकतो?

35 लिटरच्या टाकीमागे तीनशेच्या वर वाचतात. ते वाचले या आनंदात सीमा ओलांडताच सगळ्यांसाठी चहा, भजी, पोरांना वेफर्स आणि सासऱ्यांसाठी पानाचा विडा असा खर्च होतो, आणि तो नेमका तीनशेच्या वर जातो. डिझेलवाले बिचारे गप्प बसून भजी खातात. दोन्ही राज्यांतला डिझेलचा फरक नावालाच. जावई डिझेल गाडी घेऊन आला असेल तर लेखक त्याला हे पुन्हा एकदा समजावून सांगतो. त्याचं मन दुखावतं, पण आकडे आकडे असतात. भर म्हणून लेखक हेही सांगतो की डिझेलची जाड नोझल पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा जात नाही, पेट्रोलची बारीक नोझल मात्र डिझेल गाडीत सुळकन जाते. तसं झालं तर चावी फिरवायचीच नाही, टाकी रिकामी करून घ्यायची. जावई भजी संपवतो.

साडू सोबत असले की आणखी एक खर्च होतो. जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंधन दाबाखाली वेळेआधी पेटू नये याचं ते माप. ज्या इंजिनाला 91 पुरतं त्याला 95 पाजून ते जास्त पळत नाही. पण "पॉवरचं भर रे" या वाक्याने मागच्या सीटवर जो परिणाम होतो, त्यासाठी इंजिनाला विचारायची गरज नसते.

सध्या गल्लीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न ई-20 चा. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. एप्रिल 2023 नंतर बनलेल्या गाड्यांचं सामान त्याला धरून बनवलेलं असतं. जुन्या गाड्यांबद्दल नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलं होतं की मूळ साध्या पेट्रोलसाठी आखलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल. त्यात इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी तशीच सोडू नये. हे इथेनॉल उसापासून होतं तसं मक्यापासूनही होतं. धुळ्या-जळगावकडे मका पिकतो. भाऊबंदकीत जी जमीन सुटली तिच्यावरचा मका आपल्याच टाकीत येतोय आणि वर मायलेज खातोय, अशी एका शेजाऱ्याची तक्रार आहे. तिच्यावर पुस्तिकेत उत्तर नाही.

उरला सीएनजी. सुरतेत तो जागोजाग मिळतो आणि वॅगन-आरचा कंपनीचा आकडा किलोला 34 किलोमीटर आहे. लेखकाने प्रति किलोमीटर खर्चाचा तक्ता बनवला होता, लॅमिनेट करून. त्यात पंपावरच्या रांगेचा वेळ होता, सिलिंडरच्या तीन वर्षांनी होणाऱ्या तपासणीचा खर्च होता, कोंडाईबारी घाटाच्या चढावर गाडी दम टाकते म्हणून तिथे पेट्रोलवर घ्यावी लागते, तेही होतं. सिलिंडरने डिकी खाल्ल्यामुळे परतीच्या वाटेवर बिबडे, कुरडया आणि भरताची वांगी कुठे ठेवायची हा प्रश्न होता. तो लिंबायतमधल्या बऱ्याच कुटुंबांनी स्टेपनी घरी ठेवून सोडवला आहे.

हे लिहिताना हसू येतं, पण थांबतं. कोंडाईबारीत ऑक्टोबर 2020 मध्ये मलकापूरहून सुरतेला येणारी खासगी बस पुलावरून खाली गेली, माणसं गेली. कारणं प्रत्येक अपघाताची वेगळी. पण दिवाळीत संच्यांची, म्हणजे यंत्रमागांची, खाती बंद झाली की बारा तासांची पाळी संपवून माणूस तसाच स्टिअरिंगवर बसतो, घाटात रात्री चाक बसतं, मागून ट्रक येत असतात, आणि स्टेपनी घरच्या माळ्यावर असते. बिबड्यांना नाही म्हणायचं धाडस घरात एकाचंही होत नाही. लेखकाचंही नाही.

खर्चाच्या त्या तक्त्यात एक रकाना मात्र नव्हता. सीएनजी 200 बारच्या दाबाने भरतात, म्हणून भरताना सगळ्यांनी गाडीतून उतरून बाजूला उभं राहायचं असतं. नियम योग्य आहे. लेखकाच्या वडिलांनी संच्याच्या खात्यात उभ्याने आयुष्य काढलं. गुडघे तिथेच राहिले. पंपाच्या पोराने काच वाजवली की ते आधी हात दाराला लावतात, मग एक पाय बाहेर, मग थांबतात, मग दुसरा. ते पिवळ्या पट्ट्यापलीकडे पोहोचेपर्यंत गॅस भरून झालेला असतो आणि मागचा हॉर्न वाजवत असतो. तिथे त्यांना टेकायला एक बाकडं कुठल्या पंपावर ठेवलेलं लेखकाने पाहिलं नाही. बाबा काही बोलत नाहीत. "नियम शे ना," एवढंच.

म्हणून बाबा सोबत असले की सुरतेपासूनच गाडी पेट्रोलवर चालते. किलोमीटरमागे किती जास्त जातात ते लेखकाला तोंडपाठ आहे. तो सांगत नाही, आणि हा त्याच्या स्वभावातला अलीकडचा बदल घरच्यांच्या लक्षात आलेला आहे.

पण त्यातून नवीच भानगड उभी राहिली. सोनगढला टाकी काठोकाठ भरून, वाचलेल्या पैशांचा आकडा दोनदा सांगून, नवापूर ओलांडून गाडी विसरवाडीकडे लागते, तोवर टाकीत थोडी जागा झालेली असते. पहिला पंप दिसला की मागून आवाज येतो.

"आठे बी भर रे थोडं."

"बाबा, इथे नऊ रुपये महाग आहे."

"माहीत शे. आपला सरकारले बी काही लागस का नही?"

पंपावरचा पोरगा जीजे 05 कडे पाहतो, मग ड्रायव्हरकडे. गुजरातची गाडी इकडे पेट्रोल भरायला थांबलेली त्याने फारशी पाहिलेली नसावी. "कितीचं?"

"शंभरचं," लेखक काचेतून म्हणतो, शक्य तेवढ्या हळू.

"दोनशेचं भर," मागून दुरुस्ती येते, "अन् पावती घे."