हळदीचं दूध आणि साडेचार तास

अंगावरून वारं गेलं की अजूनही घरोघरी पहिली धाव स्वयंपाकघराकडे. तोंड वाकडं झालेलं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळतेय, आणि कुणीतरी मायेनं चमच्याने हळदीचं दूध पाजतंय. ही माया जिवावर बेतते. पक्षाघातात अनेकदा गिळणंच बिघडलेलं असतं. घोट श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो.

त्या चमच्याला आता 'संशोधनाने सिद्ध' असं बिरुद चिकटलंय. सिद्ध झालंय ते उंदरांत. नायलॉनचा बारीक धागा रोहिणीत सरकवून मेंदूचा रक्तपुरवठा अडवतात, ठरल्या मिनिटाला धागा ओढून काढतात, औषध वेळेवर टोचतात. उंदीर बहुधा तरुण, धडधाकट. आपला रुग्ण सत्तरीचा, मधुमेही, आणि झटका कधी आला हेच घरात कुणाला ठाऊक नसतं. हळदीतलं कर्क्युमिन तर आतड्यातून धड शोषलंही जात नाही.

वनस्पतींत दम आहे, म्हणून तर त्यांची कसून परीक्षा घ्यायची. सेलरीच्या बियांत सापडलेलं ब्युटिलथॅलाइड चीनने २००२ मध्ये पक्षाघातासाठी मंजूर केलं. २०२३ मध्ये तिथल्याच १,२१६ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. कुणाला औषध, कुणाला नुसतं दिखाऊ, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. नव्वद दिवसांनी चांगले सावरलेले औषधवाले ५६.७ टक्के, बाकीचे ४४. पण या साऱ्यांना रक्ताची गुठळी विरघळवण्याचे किंवा काढण्याचे उपचार वेळेत मिळाले होते. त्यांच्या जोडीला हे औषध होतं, त्यांच्याऐवजी नव्हे. उलट वनस्पती आणि प्राणिज घटकांचं एमएलसी ६०१ हे मिश्रण १,१०० रुग्णांच्या चाचणीत २०१३ साली नापास झालं. तीन महिन्यांनी ठोस फरक दिसलाच नाही. ब्राह्मीच्या बाटलीवर मेंदूचं चित्र छापणाऱ्यांनी आधी अशी परीक्षा द्यावी, निकाल काहीही लागो.

तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड. यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा आणि १०८ फिरवा. रक्त अडलेला मेंदू मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी गमावतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात थांबू नका, सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. मेंदूत रक्तस्राव नाही हे स्कॅनमध्ये दिसल्याशिवाय ते इंजेक्शन कुणी देणार नाही.