पहिला आला

आमच्या वाड्यात ‘पहिला आला’ याचे दोन अर्थ होते. एक निकालाच्या दिवशीचा. दुसरा रोजचा, म्हणजे तो दुधाची किटली घेऊन जिना चढून वर आला, एवढाच. पाचवीपासून त्यानं तो नंबर सोडला नाही, त्यामुळे त्याचं पाळण्यातलं नाव त्याच्या आईखेरीज सगळे विसरले. मी सतरावा. पण मला कुणी ‘सतरावा’ म्हणून हाक मारली नाही. त्या नंबराला तसा मान नसतो.

पहिला दिसायला हुशार नव्हता, ही मोठीच अडचण होती. चष्मा नाही, कपाळावर आठी नाही. सरांनी प्रश्न विचारला की छताकडं बघायचा आणि पुष्कळदा चुकायचा. चुकल्यावर लाजायचं सोडून खिशातून बोटभर वही काढायचा आणि काहीतरी टिपून घ्यायचा. गुपित असेल तर त्या वहीतच, असं ठरवून मी ती एकदा मधल्या सुट्टीत लांबवली. आत लिहिलं होतं : ‘ऋण गुणिले ऋण, धन. चुकलो. 3 ऑगस्ट.’ त्याखाली ‘परत चुकलो. 9 ऑगस्ट.’ त्याखाली ‘जमलं. 24 ऑगस्ट.’ एवढ्या हुशार मुलाला ऋण गुणिले ऋण येत नव्हतं, या आनंदावर मी घटक चाचणीपर्यंतचे दिवस काढले.

त्याच्या घरी दिवेलागणीला आजी परवचा म्हणायला बसवायची. पावकी, निमकी, दीडकी. समोर पुस्तक नाही, अडलं तर आजीची नजर. नातवानं तोच खाक्या इतिहास-भूगोलाला लावला. धडा एकदा वाचायचा, पुस्तक मिटून पालथं घालायचं आणि आठवेल तेवढं पाठकोऱ्या कागदावर लिहायचं. कागद वडिलांच्या ऑफिसातले. कालनिर्णयची पानं चालत नसत, मागं पाककृती असतात. मग पुस्तक उघडून जे राहिलं ते लाल शाईनं भरायचं. पहिल्या दिवशी कागदावर निळ्यापेक्षा लालच जास्त. दुसऱ्या दिवशी तोच धडा, रविवारी परत तोच. बघवत नसे. मुलगा मठ्ठ आहे की काय, अशी शंका मला खिडकीतून बरेचदा यायची.

पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं, की हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थानं निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःच्याच डोक्यावर प्रयोग केले होते. पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर निसटतं आणि अंतर ठेवून उजळणी केली तर कमी कष्टात टिकतं, हे त्यानं 1885 मध्ये छापून ठेवलं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढं होते. आठवड्यानंतर मात्र, न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागं टाकलं. मी जन्मभर त्या पाच मिनिटांतला विद्यार्थी.

माझा अभ्यास दिसायला फार देखणा होता. वेळापत्रकापासूनच सुरुवात. ड्रॉइंगचा कागद, सहा रंगांची स्केचपेनं, पहाटे चार ते सहा बीजगणित. ते भिंतीवर लागलं की अर्धा अभ्यास झाल्यासारखा वाटायचा, आणि उरलेला अर्धा नवं वेळापत्रक करण्यात जायचा. पुस्तकात महत्त्वाच्या ओळींखाली रेघ मारायची माझी शिस्त होती. पण धड्यातली बिनमहत्त्वाची ओळ मला कधी सापडली नाही.

1991 चा मार्च. इतिहासाच्या पेपरच्या आदल्या रात्री मी थर्मासभर चहा घेऊन बसलो होतो. दहाच्या ठोक्याला समोरच्या खिडकीतला दिवा मालवला. आई हळूच म्हणाली, “बरं नाही वाटतं त्याला.” तिच्या आवाजात काळजी होती, पण निव्वळ काळजी नव्हती. सकाळी पेपरात प्रश्न आला, तो मी रात्री तीन वाजता वाचलेला होता. पान आठवलं. डाव्या हाताचं, खालून चौथी ओळ, हिरवी रेघ, शेजारी चहाचा डाग. ओळ आठवली नाही. दोन बाकं सोडून पहिला पुरवणी मागत होता.

निकालानंतर वाड्यात रीघ लागली. कुणी विचारी बदाम किती, कुणी शंखपुष्पी कुठली. एका काकूंनी त्याचं पेनच मागून नेलं. तो बिचारा प्रत्येकाला खरं सांगायचा : “रोजचं रोज करतो. पुस्तक मिटून लिहितो. दहाला झोपतो.” माणसं पेढा घेऊन, दुखावल्यासारखी परत जायची. जिन्यात म्हणायची, “सांगत नाहीत हो.” एका क्लासचे मालक तर हार घेऊनच आले. जाहिरातीसाठी फोटो हवा होता.

“पण मी तुमच्या क्लासला नव्हतो, सर.”

“मे महिन्यात आमच्याकडं पाणी प्यायला आला होतास ना?”

आला होता. फोटो छापून आला.

परवा पहिला जेवायला घरी आला. आता केस गेलेत, खिशातली वही तशीच आहे. आमची कन्या यंदा दहावीला. बायको म्हणाली, “भाऊजी, हिला सांगा ना काहीतरी.” त्यानं सांगितलं, तेच, पस्तीस वर्षांपूर्वीचं, त्याच क्रमानं. पोरीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते ठीक आहे काका, पण अ‍ॅप कुठलं?”

साडेनवाला तो उठला. दहाला झोपायचं असतं. मी त्याला फाटकापर्यंत सोडून आलो, बायकोला म्हटलं, तो अजूनही खरं सांगत नाही, आणि कपाटावरून ड्रॉइंगचा कागद काढला. भूमितीला हिरवा द्यावा म्हणतो.