सातबारावरची भुतं

फेब्रुवारी २०१६मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली आणि सावंतवाडीजवळचं आकेरी भुताखेतांचं माहेरघर ठरलं. सुरुवातीलाच घरचे कर्ते अण्णा नाईक गेले, नातलग वाड्यात जमले, कंदील भगभगू लागले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा. तो बहुधा मुंबई-गोवा महामार्गावर अडकला असावा. मालवणी बोली मात्र झकास, कान सुखावले.

पण आमच्याकडे मेलेली माणसं वाड्यात नाही, सातबारावर वावरतात. वारसनोंद न झालेले पणजोबा अजून चार गुंठ्यांना धरून बसलेत, खाली मुंबईच्या चुलत्यांची रांग, आणि एका सहीवाचून आंब्याची कलमं बेवारस. लेखकांनो, तेवढा तलाठी दाखवा. अख्खा जिल्हा दारं लावून घेईल.