खड्डा आपला, मशीन कुणाचं?

पूर्वी चार पैसे आले की माणूस सोनं घ्यायचा. मग प्लॉट घ्यायला लागला. आता रस्त्यात जमीन गेली आणि मोबदल्याची रक्कम खात्यावर पडली की तो पिवळ्या रंगाचं काहीतरी घेतो, आणि ते सोनं नसतं.

दारात जेसीबी येतो. बकेटला झेंडूचा हार, काचेवर ‘आईचा आशीर्वाद’, मागे पोरांची नावं आणि ‘अर्थमूव्हर्स’. पेढे वाटले जातात. सरपंच नारळ फोडतो. खरेदीमागचं कारण विचारलं तर उत्तर तयार असतं : “शेततळं खोदायचंच होतं. दुसऱ्याला कशाला पैसे द्यायचे?”

वरातीला घोडा लागतो म्हणून कुणी तबेला बांधत नाही. (हल्ली काही नवरदेव घोड्याऐवजी जेसीबीच्या बकेटमध्ये बसून येतात, पण तोही भाड्याचाच असतो.)

आता हिशेब करू. ढोबळच, पण करू. नवं मशीन धरा ३५ लाख. पाच लाख पदरचे, ३० लाख फायनान्सचे. साडेदहा टक्के व्याज, चार वर्षं मुदत, हप्ता ७५ हजारांच्या वर. ऑपरेटर २५ हजार. तासाचा दर गावागणिक वेगळा, आपण १२०० धरू. तासाला पाच लिटर डिझेल म्हणजे साडेचारशे गेले. ऑइल, ग्रीस, टायर आणि बकेटचे दात यांना दीडशे. हाती राहिले सहाशे. हप्ता आणि पगार मिळून वर्षाला बारा लाखांवर जातात. म्हणजे कमाई सोडा, नुसतं बुडू नये म्हणून मशीन वर्षाला २००० तास चाललं पाहिजे. पावसाळ्यात ते काळ्या रानात शिरत नाही. शिरलंच तर ओढून काढायला दुसरं बोलवावं लागतं, तेही तासावर. उरले आठ महिने. रोज आठ तास, रविवार, अमावास्या, जत्रा, सुतक काही न पाळता. विमा आणि बिघाड अजून धरलेलेच नाहीत.

आणि ज्या शेततळ्यासाठी हे सगळं झालं, ते किती तासांचं? साठ-सत्तर.

उरलेल्या एकोणीसशे-साडेएकोणीसशे तासांचं काय करायचं, हा प्रश्न नारळ फोडताना कुणी विचारत नाही. तो हप्त्याच्या तारखेला पडतो. मग मालक गावातल्या प्रत्येक उंचवट्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो. बांध वाकडा आहे, सरळ करू. ओढा उथळ आहे, खोल करू. टेकडी तर उगाचच उभी आहे. आधी खड्ड्याला मशीन लागायचं, आता मशीनला खड्डे लागतात. त्यात एकाने घेतला की भावकीतला दुसरा घेतोच, कारण भावकी. पाच मशीनं झाली की तासाचा दर खाली आणि नदीतल्या वाळूवर रात्रीची नजर. बाकी वेळी पुढाऱ्यांवर फुलं उधळायची. २०२३ साली मनोज जरांगे यांच्या दौऱ्यात जेसीबीतून झालेला फुलांचा वर्षाव सगळ्या महाराष्ट्राने पाहिला; तेव्हापासून साध्या पंचायत समितीच्या उमेदवारालाही हाराने समाधान होत नाही. खोदण्यापेक्षा उधळण्याचा धंदा बरा. दात झिजत नाहीत.

तसं या यंत्राचं आपल्याला वेडच. २०१९ साली ‘जेसीबी की खुदाई’वरून देशभर विनोद झाले ते उगाच नाही, कुठेही बकेट जमिनीला लागली की पंधरा माणसं हातातली कामं टाकून बघत उभी राहतात. २०२२ साली ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन भारतात आले, तेही गुजरातेत हालोलच्या कारखान्यात जाऊन जेसीबीवर चढले. तिथे आपल्या सरपंचाचं काय?

तर विकत घ्यायचा नाही हे ठरलं. भाड्याने आणायचा. इथे दुसरा अध्याय सुरू होतो.

“शेठ, मीटर कुठून धरायचा?”

“आमच्या दारातून.”

“दार कुठं आलं?”

“पुढच्या तालुक्यात.”

मीटर हा प्रामाणिक प्राणी आहे. इंजिन चालू तर तो चालू. बकेट हवेत लटकवून ऑपरेटर बांधावर बसून घरी फोनवर बोलत असला, तरी मीटर इमानेइतबारे पळतो. शेतकरी बिचारा चहा पाजतो, दुपारी जेवू घालतो, संध्याकाळी वेगळी व्यवस्था करतो, आणि या सगळ्या पाहुणचाराचे तासही तोच भरतो. शहाणा माणूस काम सुरू होताना आणि थांबताना मीटरचा फोटो काढतो. असा फोटो काढला की ऑपरेटरचा चेहरा पडतो आणि काम वाढतं.

कुणी म्हणेल, तासावर नको, उक्तं देऊ. द्या. तासावर दिलं की वेळ वाढतो, उक्तं दिलं की खोली घटते. तीन मीटरचं तळं अडीचवर थांबतं आणि “खाली पाषाण लागला” असं सांगितलं जातं. पाषाण लागला की ब्रेकर आला, ब्रेकरचा दर निराळा. पाषाण खरा की ठेकेदाराचा, हे बघायला स्वतः काठावर उभं राहावं लागतं. उन्हात. दिवसभर. महिन्यावर घ्यायचं तर डिझेल आपलं, आणि डिझेल आपलं म्हटल्यावर मशीनची तहान किती वाढते ते ज्याने कॅन भरलेत त्यालाच ठाऊक.

पण खरी गंमत दरात आहे. लोक चौकशी काय करतात? “तासाला किती?” जेसीबी १२००, पोकलेन २२००. लगेच जेसीबी. आता तळ्याचं माप बघा. वर ३० बाय ३० मीटर, खोली तीन, कडांना उतार, म्हणजे सुमारे २००० घनमीटर माती. जेसीबीच्या मागच्या बकेटमध्ये पाव घनमीटर बसते. मुरमात तो तासाला पंचवीस-तीस घनमीटर काढतो, आणि खोल गेल्यावर तीच माती दोनदा उचलतो, कारण त्याचा हात काठापर्यंत पोचत नाही. वीस टनी पोकलेनची बकेट त्याच्या तिप्पट-चौपट. ते तासाला ऐंशीच्या आसपास सहज काढतं. म्हणजे जेसीबीचे सत्तर तास, ८४ हजार. पोकलेनचे पंचवीस तास, ५५ हजार. ट्रेलरवरून आणण्या-नेण्याचे दहा हजार वेगळे मोजले तरी ६५. पण तासाचा दर ऐकून छातीत धस्स होतं आणि आपण स्वस्तातलं महाग मशीन घरी घेऊन येतो. घनमीटरला किती, असं विचारणारा शेतकरी भेटला तर मशीनवाले त्याला टाळतात.

याउलट शहरी साहेब. भोर-मुळशीकडे अकरा गुंठे घेतलेले. त्यांनी व्हिडिओ पाहिलेला असतो. परदेशात कुणी गोरा शनिवारी सकाळी छोटंसं खोदयंत्र भाड्याने आणतो, स्वतः चालवतो, रविवारी धुऊन परत करतो. साहेबांना तसंच हवं असतं. त्यांना कळत नाही की इथे मशीन एकटं येत नाही. ते ऑपरेटर आणि हेल्परसकट येतं, शिवाय ऑपरेटरचा आतेभाऊ, जो नुसता बघायला आलेला असतो आणि निघताना त्यालाही काहीतरी द्यावं लागतं.

साहेबांना कॉलमचे नऊ खड्डे हवेत, चार बाय चार फुटांचे. जेसीबी ते काढतो सहा बाय सात. कडा ढासळतात, मग त्या भरायला माणसं, आणि भरलेलं धुम्मस करायला आणखी माणसं. हेच काम टिकाव, पहार, घमेलं घेऊन चार माणसांनी मापात केलं असतं आणि दुपारच्या जेवणाला घरचा डबा आणला असता. पण माणसांनी खोदलेल्या खड्ड्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकता येत नाही. मग ढिगाऱ्यावरून भांडण. खड्डा आठ ब्रासचा, ट्रॅक्टरवाला सांगतो माती दहा ब्रास निघाली. साहेब चिडतात. दोन ब्रास कुठून आली? अहो साहेब, उकरलेली माती फुगते. चवथा हिस्सा सहज वाढते. ट्रॅक्टरवाल्याने खेप वाढवलीही असेल, पण प्रत्येक खेप त्याच्या माथी मारू नका.

आणि झाडांच्या खड्ड्यांसाठी साहेबांनी पंधरा हजारांचं ऑगर विकत घेतलेलं असतं. पहिला दगड लागला त्या दिवसापासून ते माळ्यावर आहे, व्यायामाच्या सायकलशेजारी.

सरकारला मात्र घ्यायचं की भाड्याने आणायचं हा घोळ नसतो. सरकारचे पैसे दोन्हीकडून जातात. रोजगार हमीच्या २००५च्या कायद्याने सांगितलं होतं, शक्यतो मजुरांचं काम हिरावणारी यंत्रं लावू नका. ‘शक्यतो’ हा शब्द किती ठिकाणी जेसीबीएवढा रुंद झाला, ते गावोगावच्या तक्रारी चाळल्या की कळतं. मस्टरवर माणसं आणि शिवारात मशीन. मुंबईत मिठी नदीच्या गाळउपशावरून आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५मध्ये सुमारे ६५ कोटींच्या अपहाराचा गुन्हा नोंदवला, त्यात गाळ काढणाऱ्या यंत्रांच्या भाड्याचाही वाद होता. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. नदीला त्याने फरक पडत नाही, तिला दर पावसाळ्याआधी साफ व्हायची सवय आहे.

तुमचा-आमचा खड्डा पैशाने लहान, कायद्याने मात्र तेवढाच मोठा. जमीन आपली, सातबारा आपला, म्हणून मुरूमही आपला, असा गोड समज असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. कलम ४८. मुरूम आणि माती ही गौण खनिजं. परवानगीशिवाय काढून नेली तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि वाहन-मशीन जप्त. पाया खोदला आणि तीच माती त्याच प्लॉटवर भरली, तर गोष्ट वेगळी. मातीचा पुढे काय वापर झाला ते बघावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात म्हटलं. पण शेततळ्याचा मुरूम शेजारच्या रस्त्याच्या ठेकेदाराला दोन ट्रॉल्या दिलात, की तलाठी आलाच. त्याला कोण कळवतं? ज्याचं मशीन तुम्ही लावलं नाही, तो.

मग पंचनामा सुरू होतो आणि पहिला प्रश्न येतो, मशीन कुणाचं? शेतकरी म्हणतो, शेठचं. शेठ म्हणतो, खड्डा कुणाचा ते आधी विचारा. ऑपरेटर तोवर किल्लीसकट पसार झालेला असतो, आणि आतेभाऊ पंच म्हणून सही करत असतो.